सात फर्म्यांची कादंबरी

जुलै २०२५ मध्ये माझी पहिली लघुकादंबरी छापून आली. ११२ पानं, ३०० प्रती, प्रकाशक म्हणून माझंच नाव. इचलकरंजीतला एक जॉबर (यंत्रमाग जुळवणारा-दुरुस्त करणारा कारागीर), मागाला हात लावायचा नाही असं ठरवून गाव सोडणारा त्याचा मुलगा आणि दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारी मुलगी, एवढाच तिचा जीव. पहिलं वाक्य लिहिल्यापासून पुस्तक हातात येईपर्यंत पाच वर्षं गेली. त्यातली लिहिण्याची दीडेक असतील. बाकीची कशात गेली ते इथे मांडते आहे. मी शोधत होते तेव्हा माहिती मिळायची ती एक तर ‘पुस्तक छापून देतो’वाल्यांच्या जाहिरातींत, नाही तर नावाजलेल्या लेखकांच्या मुलाखतींत. पहिल्यांत सगळं आठ दिवसांत होतं, दुसऱ्यांत प्रकाशक स्वतः घरी येतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी कोल्हापूरची नोकरी लॅपटॉपवर घेऊन आईवडिलांकडे इचलकरंजीला येऊन राहिले. १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून गाव खडखडाटातच जगतं. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून एका खर्चीवाल्याचा कारखाना आहे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग याचे, आणि मिळते ती विणायची मजुरी. तो कारखाना बंद पडला तशी अण्णांची, म्हणजे वडिलांची, झोप गेली. चाळीस वर्षं जॉबरकी केलेला माणूस, कानानं अधू झालेला, आणि तरी त्याला त्या आवाजाशिवाय झोप येईना. रात्री दोन-दोन वाजता उठून बसायचे. मग मीही उठायचे, चहा व्हायचा आणि ते काहीबाही सांगायचे. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला लागले. कादंबरी वगैरे डोक्यात नव्हतं.

ज्यांना आपल्या माणसांवर लिहायचं आहे त्यांना एक सांगते. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं वडिलांना विचारू नका. माझे तरी गप्प बसायचे. ‘तेव्हा मजुरी कशी मिळायची?’ विचारलं की बावन्न पिकाचा (इंचाला बावन्न आडवे धागे असलेल्या कापडाचा) दर, दिवाळीचा बोनस, संपातले आठवडे, उधार देणारा किराणावाला, असं सगळं निघायचं आणि काय वाटलं तेही त्यातच असायचं. वस्तूंबद्दल विचारलं तर आणखी चांगलं. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो. एकदा मी विचारलं, धोटा उडतो म्हणजे नक्की काय होतं? अण्णांनी जेवणाच्या टेबलावर माझी स्टीलची पट्टी उभी धरली, ही फणी. तिच्या अंगानं काडेपेटी सरकवली, हा धोटा. दोन्ही टोकांना दोन वाट्या, या पेट्या. “ताणा पुरता उघडायच्या आत ठोका बसला, न्हाईतर तुटका धागा आडवा आला, की धोट्याचं नाक वर उचलतंय,” म्हणाले, आणि काडेपेटीला टिचकी मारली. ती आईच्या ताटात. “आता ह्यो कुणाचाच न्हाई. पलीकडच्या पेटीत पोचला न्हाई म्हणून माग जागच्या जागी ठक्कन थांबणार. आन् मग बघायचं, कुणाला लागला.” कादंबरीचा मधला प्रसंग तिथून आला. त्यातल्या कामगाराचं नाव, गल्ली, दुखापत, सगळं मी बदललं आहे. ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं होतं की ‘पात्रं काल्पनिक आहेत’ ही ओळ छापली म्हणजे सगळं भागलं असं नसतं. माणूस ओळखता येत असेल तर तो तक्रार करू शकतो.

२०२१ च्या दिवाळीपर्यंत साठ हजार शब्द झाले. ते कुणाला दाखवावेत असे नव्हते हे मलाही कळत होतं. कापाकापी करत चाळीस हजारांवर आले आणि अडकले. मग भाषांतर-संपादनाची कामं करणाऱ्या पुण्यातल्या एका बाईंना पैसे देऊन वाचायला दिलं. बारा हजार रुपये. माझ्या एकूण खर्चातला हा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च, असं मी आजही म्हणेन. त्यांनी दोन महिने घेतले आणि हस्तलिखित परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीनं प्रश्नच प्रश्न होते. शेवटच्या प्रकरणात मी अर्थातच वडिलांना मारलं होतं: दवाखाना, मुलाची धावपळ, उशिरा पोचणं. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, ‘बाप मेल्याशिवाय मराठीत मुलगा बापाला भेटतच नाही का?’

मी दोन दिवस चिडले. मग ते प्रकरण काढलं. जिवंत बापासमोर मुलाला बसवणं फार अवघड जातं. दवाखान्यात संवाद लिहावे लागत नाहीत, ही त्यातली खरी सोय असते. नवं शेवटचं प्रकरण लिहायला पहिल्या दहा प्रकरणांइतका वेळ लागला. त्यात बाप आणि मुलगा मिळून घरच्या शिलाई मशीनचा पट्टा बसवतात आणि भांडतात. मजकूर उतरत उतरत अठ्ठावीस हजार शब्दांवर आला.

हा आकडा प्रकाशकांना चालत नाही, हे २०२२ मध्ये कळलं. पुणे, मुंबई, कोल्हापूर मिळून काही प्रकाशकांना हस्तलिखितं पाठवली. पद्धत सांगते: कागदाच्या एकाच बाजूला प्रिंट, दोन ओळींत मोकळी जागा, पानांवर क्रमांक, सोबत एका पानाचं पत्र. पत्रात सारांश द्या, पुस्तक किती थोर आहे ते सांगू नका. ईमेलवर पीडीएफ चालते का ते आधी फोन करून विचारा. काही ठिकाणी अजून कागदच लागतो. झेरॉक्स आणि पोस्टात दीड-दोन हजार गेले. उत्तराला चार ते आठ महिने लागतात, ते धरूनच चाला. दर आठवड्याला फोन करण्यात अर्थ नाही, पण तीन महिन्यांनी एकदा जरूर करावा.

उत्तरं काय आली? ‘आवडली, पण छोटी आहे.’ ‘अशी आणखी एक लिहा, दोन मिळून एक पुस्तक करू.’ ‘कथा असतील तर पाठवा.’ एकानं मात्र नीट समजावून सांगितलं, त्यांची मी आभारी आहे. मराठी पुस्तकाचं मोठं गिऱ्हाईक अजूनही सार्वजनिक ग्रंथालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी अकरा-बारा हजार ग्रंथालयं राज्यात आहेत, अ पासून ड पर्यंत वर्ग असलेली. तिथली खरेदी बरीचशी किंमत आणि सवलत बघून होते. नव्या नावाच्या शंभर पानांच्या पुस्तकाला किंमत किती लावणार आणि त्यातून सवलत किती देणार? वाचक घरबसल्या मागवतो ते ओळखीच्या नावाचं पुस्तक. म्हणजे नकार माझ्या लिखाणालाच होता असं नाही, जाडीलाही होता. हे ऐकून बरं वाटलं की वाईट, आजही सांगता येणार नाही. आणखी एका ठिकाणाहून होकार आला, पण दोनशे प्रती लेखिकेनं आगाऊ पैसे भरून घ्यायच्या, या अटीवर. हिशेब केला तर त्या पैशांत माझं मीच छापू शकत होते. ते पत्र फाइलला लावलं.

दिवाळी अंकाचाही प्रयत्न केला. लघुकादंबरी एकरकमी छापणारे अंक आहेत, पण मजकूर मे-जूनपर्यंत त्यांच्या हातात पडावा लागतो आणि पंधरा हजार शब्दांच्या वर गेलात की संपादक हात जोडतात. तुमची त्याहून छोटी असेल तर आधी ही वाट धरा. मानधन थोडं का होईना मिळतं आणि वाचक आपोआप मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजनाही आहे, पहिल्याच पुस्तकासाठी. तज्ज्ञांकडून हस्तलिखित तपासून घेतात आणि मंजूर झालं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. हस्तलिखितं मागवल्याचं निवेदन निघतं, त्यावर लक्ष ठेवायचं. माझ्या वेळापत्रकात ते बसलं नाही, पण ज्यांना घाई नाही त्यांनी मंडळाच्या संकेतस्थळावरचे नियम वाचावेतच. पहिलं पुस्तक एकदाच असतं. स्वतः छापलंत की ती संधी गेली.

२०२४ च्या गणपतीत ठरवलं, आपणच छापायचं. आणि छापायचं तर आधी घरच्यांनी वाचायला हवं.

ही गोष्ट मी चार वर्षं पुढे ढकलली होती. आईनं दोन दिवसांत वाचलं आणि विचारलं, “त्या बाईच्या हातची भाकरी तू कडक का केलीस?” त्यापलीकडे ती आजतागायत काही बोललेली नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना १९७४ चं संमेलन आठवलं. पन्नासावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात झालं होतं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे. पाळी सुटल्यावर तसेच कापसाच्या अंगानं मांडवाच्या कडेला जाऊन उभे राहिले होते. “तवापास्नं लेखक म्हंजे हसवणारा माणूस असंच वाटतंय मला. तुझ्यात हाय का काय हसायचं?” म्हटलं, वाचून बघा. रोज दुपारी दोन-तीन पानं, चष्मा आणि वर भिंग, असं करत त्यांनी महिना लावला. मध्ये काही विचारायची सोय नव्हती. संपल्यावर म्हणाले,

“ह्यो जॉबर लईच गप हाय की गं.”

“तुम्ही तरी कुठं बोलताय अण्णा?”

“मी बोलतोय. मला ऐकू येत न्हाई म्हणून तुम्हीच बोलायचं सोडलंयसा.”

मी सगळी कादंबरी अबोल बापावर लिहिली होती. गप्प बसणं हा त्याचा स्वभाव, असं धरून घरातल्या प्रत्येक पात्रानं त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. आणि इथे तो स्वभाव असलेला माणूस सांगत होता की त्याच्याशी बोलायला ओरडावं लागतं, म्हणून आम्ही हळूहळू कामापुरतंच ओरडायला लागलो. हे त्याला ठाऊक होतं, आणि आम्हाला ते ठाऊक नाही हेही त्याला ठाऊक होतं. त्यांच्या परवानगीनं ते वाक्य जवळपास जसंच्या तसं नवव्या प्रकरणात गेलं. त्यामुळे आठव्या प्रकरणातल्या मुलीचा सूर बदलावा लागला. ती तोवर फारच शहाणी होती.

खरं कठीण होतं ते दादाचं. दादा चाकणला कंपनीत आहे. पुस्तक बापलेकाचं, आणि लिहिणारी बहीण. दिवाळीत त्याच्या हातात स्पायरल बाइंडिंग दिलं. तो घेऊन गेला आणि गप्प. मीही विचारलं नाही. डिसेंबरात एका रात्री फोन आला.

“वाचलं. चांगलंय.”

“मग?”

“स्टँडवरचं काढ.”

रात्री एसटी स्टँडवर मुलगा बॅग घेऊन बसलेला असतो तो प्रसंग. पूर्ण एक प्रकरण. मला ते दादानंच कधीतरी सांगितलं होतं आणि मी त्यात बरंच काही बदललंही होतं. मी तेच सांगायला लागले, की गाव बदललंय, वय बदललंय, वाचणाऱ्याला कळणार नाही. तो म्हणाला, “वाचणाऱ्यांचं सोड गं. अण्णांना कळेल. त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.” अण्णांचं तोवर वाचून झालं होतं, हे मी त्याला सांगितलं. बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, “तरी काढ. छापलेलं वेगळं असतंय.”

काढलं. वाचकाला तिथे एक पायरी चुकल्यासारखी वाटत असेल. मुलगा अचानक पुण्यात दिसतो. संपादकबाईंनाही ते पटलं नव्हतं. मला वाङ्मयीन दृष्टीनं आजही ते प्रकरण हवं होतं असंच वाटतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढेन. दादाला तेव्हा सहा महिन्यांचा मुलगा होता. तो स्वतः बाप झाल्यावर आमचं पुस्तक वाचत होता, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. तुम्हीही घरच्यांना वाचायला देणार असाल तर अक्षरजुळणीच्या आधी द्या आणि भरपूर वेळ द्या. छपाईची तारीख ठरलेली असताना दिलंत तर ते होकार देतात, पण तो खरा नसतो.

फेब्रुवारी २०२५ पासून कागदपत्रं. आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळखीचा तेरा आकडी क्रमांक आपल्याकडे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते, आणि तो फुकट मिळतो. ठळक सांगते कारण मला त्याचे दोन-तीन हजार मागणारे भेटले. संकेतस्थळावर स्वतः प्रकाशित करणारा लेखक म्हणून नोंदणी करायची, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, पुस्तकाचं नाव, भाषा, बांधणी, प्रकाशनाचा अंदाजे महिना आणि मुखपृष्ठाचं चित्र द्यायचं. आधार कार्डावरचं नाव आणि पुस्तकावरचं नाव वेगळं असेल, माहेर-सासरच्या आडनावाचा घोळ असेल, तर तो आधीच निस्तरा. मला क्रमांक यायला तीनेक आठवडे लागले. बारकोड वेगळा करून घ्यावा लागतो, तो अक्षरजुळणीवाला करून देतो.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानं लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो आणि तुमच्यानंतर साठ वर्षं राहतो. तरी मी केली, पुरावा म्हणून. साहित्यकृतीला ५०० रुपये फी, ऑनलाइन अर्ज. भरल्यावर डायरी नंबर मिळतो, मग कुणाची हरकत येते का बघायला तीस दिवस थांबतात, आणि तपासणी त्यानंतर. प्रमाणपत्राची वाट बघत छपाई अडवू नका.

अक्षरजुळणी कोल्हापुरात, पानाला चाळीस रुपये. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, त्यांच्याकडचा फॉन्ट जुना. बदलताना काय होतं ते दाखवते: ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’. पहिल्याच पानावर ‘सूर्य’ आणि ‘दुसर्या’ एकाच तोंडवळ्याचे बसलेले. अवतरणचिन्हंही उलटी झाली होती. पहिलं प्रूफ हातात येताच बाकी काही न वाचता फक्त ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ शोधत जा, आणि शक्य असेल तर सुरुवातीलाच युनिकोडमध्ये पानं लावणारा माणूस शोधा.

मुद्रितशोधन एका निवृत्त शिक्षकांनी केलं, दर वाचनाला पानामागे पंधरा रुपये, दोन वाचनं. माणूस चोख. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठराही नियम पाठ, १९६२ चे चौदा कुठले आणि १९७२ चे चार कुठले हेसुद्धा. पण त्यांनी जॉबरच्या तोंडचं ‘न्हाई’ जिथे तिथे ‘नाही’ केलं. मी म्हटलं, सर, हा माणूस असंच बोलतो. ते म्हणाले, “बोलू दे की. लिहिताना आपण नीट लिहायचं.” चहा झाला, वाद झाला. बोलण्यातले उच्चार दाखवताना त्याप्रमाणे लिहावं याला नियमांतच जागा आहे, हे मी दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अट घातली: मग एकाच माणसाचं ‘न्हाई’ सगळीकडे ‘न्हाई’च पाहिजे, मध्येच ‘नाय’ नको. अट रास्त होती. मी एका कागदावर प्रत्येक पात्राचे शब्द लिहून दिले आणि ते त्याबरहुकूम तपासत गेले. बोलीभाषेत लिहिणाऱ्यांनी हा कागद शोधनाला देतानाच सोबत द्यावा. शेवटचं प्रूफ कागदावरच बघा. पडद्यावर बघून जे सुटलं होतं ते कागदावर दिसलं, त्यात माझ्या स्वतःच्या आडनावातला एक काना होता.

मुखपृष्ठाला सात हजार. शेजारच्या कारखान्यात फोटो काढायला मालकांनी लगेच हो म्हटलं, फक्त बोर्ड दिसू देऊ नका म्हणाले.

आता फर्मा. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाची पानं सोळा-सोळाच्या फर्म्यानं छापतात. स्टँडचं प्रकरण असताना पुस्तक बरोबर आठ फर्म्यांचं होत होतं, १२८ पानं. ते काढल्यावर मजकूर ११४ पानांवर येऊन थांबला. दोन पानांसाठी आणखी एक फर्मा किंवा अर्धा फर्मा घ्या, नाही तर दोन पानं कमी करा. मी अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश एकाच पानावर आणले, एका प्रकरणाचं शेवटी लोंबकळणारं चार ओळींचं पान वरच्या परिच्छेदातून शब्द काढून आत ओढलं. सात फर्मे. आतला कागद ७० ग्रॅमचा, किंचित पिवळसर. पांढराशुभ्र घेऊ नका, डोळ्यांना त्रास होतो. मुखपृष्ठ ३०० ग्रॅमचं आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. ३०० प्रतींना प्रतीमागे ७८ रुपये पडले. पाचशे घेतल्या असत्या तर दर खाली आला असता, पण घरात पलंगाखाली जागा किती आहे ते आधी बघावं.

एकूण खर्च त्रेपन्न हजारांच्या आसपास गेला. छापील किंमत २०० रुपये. दुकानदार पस्तीस-चाळीस टक्के सवलत मागतो, वितरक पन्नास. चाळीस धरले तर प्रतीमागे १२० हातात येतात, म्हणजे सगळ्या ३०० दुकानातून खपल्या तरी छत्तीस हजार. हे गणित आधीच करा आणि तरीही छापायचं असेल तरच छापा. मी त्याला दोन वर्षांच्या सहलींचा खर्च म्हणून मनात लिहून टाकलं होतं.

पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत करायचं एक काम बहुतेक हौशी प्रकाशकांना ठाऊक नसतं. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकानं आपल्या खर्चानं एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. स्वतः छापणारा लेखक म्हणजे प्रकाशकच. पोस्टाची मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची सेवा सुरू झाली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. शंभर पानांचं पुस्तक त्यात आरामात बसतं. आपलं पुस्तक त्या सेवेत घेतात का ते खिडकीवर पाकीट उघडं ठेवूनच विचारा आणि पावत्या जपा. कोलकात्याला पाकिटातून माझ्या बापाचं पुस्तक चाललंय याची मला उगाच ऐट वाटली, हे लिहून ठेवते.

दुकानांत प्रती ठेवताना चलन (प्रती दिल्याची लेखी पावती) करून घ्या: किती प्रती, किती टक्के, हिशेब कधी. तोंडी बोलण्यावर ठेवलेल्या प्रती धूळ खातात आणि विचारायला गेलं की नवा पोरगा काउंटरवर असतो. आपटे वाचन मंदिरात एक प्रत दिली, लहानपणी तिथूनच पुस्तकं आणायचे. आत्तापर्यंत निम्म्याच्या वर प्रती गेल्या आहेत. दादानं वीस मागवल्या आणि पूर्ण किमतीचे पैसे पाठवले. मी सवलत देऊ केली तर फोन ठेवून दिला.

सगळ्यात जास्त प्रती अण्णांनी खपवल्या. चहाच्या टपरीवर जुने जॉबर, कांडीवाले, एक दिवाणजी, झाडून सगळ्यांना. पैसे मात्र उधारीवर. कुणाकडे किती राहिले ते त्यांनी कारखान्यातल्या जुन्या डायरीत लिहून ठेवलं आहे, पानं संपली म्हणून मागच्या मुखपृष्ठाच्या आतसुद्धा. मी वसुलीचं काढलं की त्यांना ऐकू येत नाही.